मदत हवी आहे: व्हॅक्यूमवर चालणारे वायपर चढावर थांबतात

मंडळी, घरी आजोबांची १९५१ची शेव्हरोले आहे. तिचे वायपर इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतल्या) व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर चालतात. सिग्नलला उभी असताना सपासप फिरतात. पण केम्प्स कॉर्नरच्या पुलावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि पाती काचेच्या मध्यावरच थबकतात. भर पावसात समोरचं काही दिसत नाही, जीव मुठीत धरावा लागतो.

रबरी नळ्या बदलल्या, वायपरची मोटर उघडून साफ केली. थोडा फरक पडला, चढावर मात्र तेच. आता व्हॅक्यूम साठवणारी टाकी आणि वन-वे व्हॉल्व्ह बसवू, की इंजिनावरचा डबल ॲक्शन पेट्रोल पंप (पेट्रोल पुरवतानाच वायपरसाठी व्हॅक्यूमही तयार करणारा) शोधू? मेकॅनिक सहा व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर लावा म्हणतो, पण मूळ यंत्रणा काढायला मन धजत नाही.

मुंबईत कोणी टाकी बसवली आहे का? किती लिटरची, आणि कुठे बसवली? पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे.