खालची साइड किक: एमएमएमध्ये (मिश्र मार्शल आर्ट्समध्ये) कामाची की नुसती दिखाऊ?

अर्धापाऊल
पुढच्या पायाने गुडघ्यावर किंवा मांडीवर मारायची साइड किक पॅडवर झकास बसते. स्पारिंगमध्ये मात्र दोनपैकी एक होतं: पाय नुसता टेकतो आणि समोरचा तसाच रेटून आत येतो, नाहीतर मारणाऱ्याची पाठ वळलेली असतानाच कंबरेला मिठी पडते. काफ किकने पोटरी बधिर करता येत असताना हिच्यावर वेळ का घालवायचा? आणि ऑब्लिक किक म्हणतात ती हीच का?

टाचटोला
ऑब्लिक वेगळी. तिच्यात खुबा समोरच राहतो, पाऊल बाहेर वळवायचं आणि तळवा मांडीवर वरून तिरका दाबायचा. साइड किकमध्ये खुबा पूर्ण वळतो, बोटं आत जातात आणि टाच लागते. त्यामुळे पल्ला वाढतो, पण पुन्हा समोर यायला जास्त वेळ लागतो. एमएमए लढवय्या जॉन जोन्सने २०११ मध्ये क्विंटन जॅक्सनविरुद्ध ज्या वापरल्या त्या ऑब्लिक. त्याच्या लांब पायांना त्या शोभतात म्हणून सगळ्यांना शोभतील असं नाही.

पाय नुसता टेकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: गुडघा न उचलता जमिनीवरून पाय सरळ पुढे फेकलेला असतो. आधी गुडघा लक्ष्याच्या उंचीपर्यंत, जमल्यास थोडा वर आणायचा आणि तिथून टाच सरळ रेषेत ढकलायची. किक लागायच्या आधी आधाराच्या पायाची टाच समोरच्याकडे वळलेली हवी. ती नाही वळली तर खुबा अडतो, जोर जात नाही आणि पीळ आपल्याच गुडघ्यावर येतो. धड फार मागे झुकलं तर धक्का लागल्यावर आपणच मागे ढकलले जातो.

आता वेळ. समोरच्याच्या पुढच्या पायावर वजन असेल तरच ही किक काम करते. हलका पाय मारला की तो मागे सरकतो, बस्स. म्हणूनच स्वतःच्या जॅबमागे (पुढच्या हाताच्या सरळ ठोशामागे) ही किक लावायची सवय मला पटत नाही: जॅब चुकवायला तो मागे रेलतो आणि नेमका पुढचा पाय हलका होतो. त्याचा जॅब येऊ द्या. जॅबसाठी तो पाऊल टाकतो, ते पाऊल जमिनीला लागतं, त्या क्षणी मारायचं. त्याचं वजन आणि तुमची टाच समोरासमोर येतात.

काफ किकशी तुलनाच चुकीची आहे. ती पाय निकामी करायला, ही पाऊल थांबवायला.

पटकरी
वरचं बरोबर, पण कुस्तीची बाजू राहिली. गुडघ्याच्या उंचीवरचा पाय हाताने पकडणं अवघड असतं, त्यासाठी समोरच्याला बराच खाली वाकावं लागतं. धोका किकनंतर आहे. पाय आडवा खाली पडला की पुढचा खांदा आणि पाठ त्याच्याकडे राहते, मग सिंगल लेगचीही (एक पाय धरून पाडण्याचीही) गरज नाही, सरळ पाठ घेता येते. पाय उतरताना बोटं समोर वळलेली हवीत. तो थांबला असेल तर पाय पुढे टाकून मागच्या हाताचा ठोसा. तो येतच असेल तर पाय मागे घेऊन कोन बदलायचा. या दोन्हींपैकी एक आधी ठरलेलं नसेल तर किक मारूच नये.

दोन जागी तर अजिबात नको. पाठ पिंजऱ्याच्या जाळीला लागलेली असताना, कारण तिथे खुबा वळवायला जागा नसते. आणि समोरचा साउथपॉ (उजवा पाय पुढे ठेवून उभा राहणारा) असून त्याचं पुढचं पाऊल तुमच्या पावलाच्या बाहेर असेल तेव्हा. तिथून तुमची पाठ त्याला एका पावलावर मिळते.

आणि ‘हिने रेसलरचा शॉट (पाय धरायला खाली वाकून घेतलेली झेप) थांबतो’ हे अर्धसत्य आहे. शॉटचं पहिलं पाऊल पडायच्या आत लागली तर थांबतो. त्याची पातळी खाली गेल्यावर मारली तर एका पायावर उभं राहून तुम्ही त्याचं कामच सोपं केलंत.

वाटीखाली
गुडघ्याबद्दल थोडं. किंचित वाकलेल्या गुडघ्यावर समोरून धक्का आला तर मांडीचे स्नायू बराचसा पेलतात. तोच गुडघा ताठ आणि पाऊल वजनाखाली रुतलेलं असेल तर सांधा उलटा वाकतो, मागचं आवरण आणि आतले क्रॉस लिगामेंट ताणले जातात. बाहेरून आत धक्का बसला तर आतल्या बाजूचं लिगामेंट जातं. २०२१ मध्ये खलील राउंट्रीने मोडेस्टस बुकाउस्कसच्या गुडघ्यावर मारलेल्या एका किकने दुसऱ्या फेरीत लढत संपली. युनिफाइड रूल्समध्ये, म्हणजे व्यावसायिक एमएमएच्या सर्वसाधारण नियमांत, ही किक चालते. लहान सांधे पिळण्यावरची बंदी बोटांपुरती आहे, गुडघा त्यात येत नाही. हौशी स्पर्धांचे नियम वेगळे असू शकतात, नाव देण्याआधी वाचा.

म्हणून जोडीदारावर गुडघा हे लक्ष्य कधीच नाही. वाटीच्या चार बोटं वर, मांडीवर पॅड धरून, त्याचा गुडघा वाकलेला, आणि टोला नाही तर धक्का. शिन गार्ड किंवा कापडी नी-कॅपच्या भरवशावर जोर वाढवू नका, सांधा उलटा वाकण्यापासून त्या वाचवत नाहीत. पूर्ण जोर फक्त लांब बॅगच्या खालच्या टोकावर.

अर्धापाऊल
म्हणजे इथे मारणाराच उशिरा मारतोय, आणि तेही स्वतःच्या जॅबनंतर. सराव नेमका कसा बांधायचा? आणि आपल्यावर आली तर?

टाचटोला
दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. पहिलीत जोडीदार फक्त जॅबसह पाऊल टाकतो, तुम्ही फक्त टाच टेकवता. दुसरीत टेकवल्यावर लगेच पाय पुढे उतरवून मागचा हात. तिसरीत तो मनाला येईल तेव्हा शॉटची हूल देतो, तेव्हा किक मारायची नाही, हात खाली आणि खुबा मागे. तिसरी फेरी वगळणाऱ्यांनाच मिठी पडते. या सगळ्यात मागचा पाय पुढच्याजवळ ओढून मग मारणं बंद करा. त्या उडीवरून समोरच्याला किक येणार हे आधीच कळतं.

आपल्यावर आली तर पुढच्या पायावर ताठ उभं राहू नका. पाय उचलून किक खालून जाऊ द्यायची किंवा गुडघा बाहेर वळवून धक्का निसटवायचा, आणि तो पाय खाली ठेवत असतानाच त्याच्या आधाराच्या पायावर लो किक. मागे उडी मारलीत तर तो हवं तितक्या वेळा मारत राहील.