मदत हवी आहे: नकाशात स्वतःची किनारारेषा कशी घालायची?

खाडीकाठ: तारकर्ली-देवबागचा नकाशा करतोय. सर्वांत बारीक रिझोल्यूशन लावूनही कर्ली खाडीत घेतलेले पाण्याचे नमुने जमिनीवर पडलेले दिसतात. जास्त बारकाव्याची किनारारेषा उतरवून मूळ डेटाच्या फोल्डरमध्ये टाकली, पण नकाशा जुनाच येतो. शुक्रवारी आकृत्या द्यायच्या आहेत. लवकर सांगा.

रेखांश७३: सॉफ्टवेअर कोणतं? फाइल कुठली, कोणत्या फॉरमॅटमध्ये?

नकाशावेडा: क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर घ्या. फाइल ओढून टाकली की पाच मिनिटांत काम.

खाडीकाठ: जीएमटी ६ (कमांड देऊन नकाशे काढायचं सॉफ्टवेअर), त्यातली किनारा काढणारी कोस्ट कमांड, फुल रिझोल्यूशन. फाइल ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची, शेपफाइल (नकाशातल्या आकारांचा फॉरमॅट). सगळ्या आकृत्या स्क्रिप्टने होतात, क्यूजीआयएस नको.

रेखांश७३: मग फोल्डरमध्ये टाकून काही होणार नाही. कोस्ट फक्त जीएसएचएचजी या जागतिक किनारा-डेटाच्या, चौकटी-चौकटींत कापून ठेवलेल्या नेटसीडीएफ फॉरमॅटमधल्या फाइलीच वाचते. तुमची फाइल तिच्या दृष्टीने नाहीच. कोस्ट सोडा. ओजीआर२ओजीआर या फॉरमॅट बदलणाऱ्या कमांडने शेपफाइल जीएमटीच्या मजकुरी फॉरमॅटमध्ये आणा आणि प्लॉट कमांडने जमिनीचे बहुभुज (बंद आकार) रंगाने भरा. जगाची फाइल अवजड आहे, त्याच कमांडने आधी कापून घ्या. मात्र नकाशाच्या चौकटीपेक्षा थोडी मोठी कापा, नाहीतर कापाची कडच किनारा म्हणून उमटेल.

नमुने जमिनीवर पडतात यात नवल नाही. जीएसएचएचजीचा आपल्याकडचा किनारा वर्ल्ड व्हेक्टर शोअरलाइन या किनारा-डेटातून आलाय. त्याचं उद्दिष्टच ९० टक्के ठिकाणं खऱ्या जागेपासून ५०० मीटरच्या आत असावीत, एवढं होतं. देवबागची पट्टी किती चिंचोळी आहे ते तुम्ही पाहिलंच असेल.

पायथॉनप्रेमी: पायथॉनच्या कार्टोपायमध्ये, शेपफाइल वाचणाऱ्या शेपरीडरने दोन ओळींत होतं. जीएमटी आता कोण वापरतं?

रेखांश७३: समुद्रविज्ञानातले पुष्कळ लोक वापरतात. शुक्रवारच्या कामासाठी नवं सॉफ्टवेअर शिकायला सांगू नका.

भरतीरेषा: तुम्हाला सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) भरतीरेषा हवी असेल तर ओपनस्ट्रीटमॅप अजिबात चालणार नाही. त्यासाठी मंजूर किनारा व्यवस्थापन आराखडाच बघावा लागतो. आणि प्रमाण बदललं की किनारा बदलतो हे लक्षात ठेवा. भारताचा किनारा ७,५१६ किमी असं आपण शाळेत शिकलो, नव्या मोजणीत तो ११,०९८ किमी झाला. बारकावा वाढला की वळणं वाढतात.

खाडीकाठ: सीआरझेडचा संबंध नाही, फक्त नमुन्यांची ठिकाणं दाखवायची आहेत. प्लॉट करून पाहिलं, पान कोरं येतंय. एररही नाही.

रेखांश७३: फाइलीतले पहिले दोन आकडे द्या.

खाडीकाठ: पहिला ८१ लाखांच्या घरातला.

रेखांश७३: ते मीटर आहेत, मर्केटर प्रक्षेपणातली फाइल घेतलीत. त्याच पानावर डब्ल्यूजीएस८४ची (अक्षांश-रेखांशातली) असते, ती घ्या. तिथे ७३.५ सारखे अंश दिसतील.

खाडीकाठ: आला! पण जमिनीवर आडव्या-उभ्या रेघा आहेत आणि कर्ली खाडी मुखाच्या आत जमिनीच्याच रंगाने भरली आहे. माझे आतले बिंदू पुन्हा जमिनीवर!

मालवणचो: रेघा तुकडे केलेल्या बहुभुजांच्या आहेत. त्यांना पेन लावू नका, नुसता रंग भरा. काठाची रेघ किनारारेषेच्या वेगळ्या फाइलीतून काढा.

खाडीचं असं की ओपनस्ट्रीटमॅपमध्ये किनारारेषा बहुतेक नदीच्या मुखापाशी बंद करतात, आतलं पाणी वेगळ्या बहुभुजात असतं. ते उतरवा आणि जमिनीवरून निळ्याने भरा. क्रम महत्त्वाचा: आधी जमीन, मग खाडी, शेवटी बिंदू. देवबागच्या टोकाची वाळू मात्र पावसाळ्यागणिक सरकते. तुमचे नमुने ज्या महिन्यातले, त्या महिन्याचं सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र खाली ठेवून टोक तपासा. १० मीटरच्या पिक्सेलमध्ये वाळू नीट दिसते.

पायथॉनप्रेमी: हेच कार्टोपायमध्ये...

खाडीकाठ: मालवणचो, रेखांश, दोघांचे मनापासून आभार. बिंदू पाण्यात आले. आता समुद्राची खोली रंगवताना जमीन झाकायची आहे. जीएमटीची जमीन झाकायची ग्रिडलँडमास्क कमांड पुन्हा जुनाच किनारा घेतेय.

रेखांश७३: तीही जीएसएचएचजीच वाचते. ग्रिडमास्क वापरा, तिला तुमचा बहुभुज देता येतो. खाडीचा मुखवटा (मास्क) वेगळा करून जमिनीच्या मुखवट्यातून वजा करा.