चर्चा: मॅलिन्सचा १६२२ चा ग्रंथ आणि ‘सरकारशिवायचा’ व्यापारी कायदा

दर्यावर्दी: काल ‘मुक्तबाजार’ यांनी लिहिलं, की जेरार्ड मॅलिन्स या इंग्लंडमधल्या व्यापाऱ्याचा ‘लेक्स मर्केटोरिया’ (म्हणजे व्यापाऱ्यांचा कायदा) वाचा, व्यापाऱ्यांनी सरकारशिवाय कायदा उभारला होता. हा कायदा कुठल्या एका राजाने केलेला नाही, असं मॅलिन्स म्हणतो, खरं आहे. पण सगळ्या राज्यांची त्याला मान्यता आहे, हेही तिथेच म्हणतो. ते का गाळलंत? ग्रंथ अर्पण केलाय इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला! आणि हुंडणावळीचा, म्हणजे एका देशाचं चलन दुसऱ्यात बदलण्याचा, दर सराफांच्या हाती नको, त्यावर राजाचा अधिकारी नेमा, हा धोशा त्याने वर्षानुवर्षं लावला. एडवर्ड मिसेल्डन या दुसऱ्या व्यापारी-लेखकाशी १६२२-२३ मध्ये जुंपली ती हुंडणावळीवरूनच.

मुक्तबाजार: त्याची मतं राहू द्या, त्याने नोंदवलेला व्यवहार बघा. हुंडी (पैसे देण्याची लेखी चिठ्ठी) परमुलखात वटायची ती व्यापाऱ्याची पत बघून. राजाचे न्यायाधीश मागून आले. अठराव्या शतकातल्या मॅन्सफील्ड या इंग्लिश सरन्यायाधीशाने तर व्यापाऱ्यांनाच ज्यूरीत बसवून रिवाज विचारून घेतले, तेही सव्वाशेहून जास्त वर्षांनी.

पेढीवाले: लंडन कशाला, आपली शहाजोग हुंडी घ्या, जिचे पैसे प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच मिळतात. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टने (हुंडी-चेकच्या कायद्याने) पहिल्याच कलमात देशी भाषेतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज शाबूत ठेवले. त्याच कायद्यात पुढे न वटलेल्या चेकचं १३८ कलम घुसवलं आणि आमच्या नशिबी कोर्ट आलं.

इचलकरंजीकर: १३८ चं नाव काढू नका! सुताच्या पैशांचा चेक परत आला. तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवस वाट, मग महिन्याच्या आत तक्रार, सगळं वेळेत केलं. समोरचा नुसत्या तारखा घेतोय. वडील गेले, केस आहे तिथेच. बाजारातले चार जाणते बसले असते तर आठवड्यात निकाल लागला असता.

काळा कोट: आणि त्याने जाणत्यांचं ऐकलं नसतं तर? त्याला वाळीत टाकणार होतात? त्याच कायद्याच्या १४३-अ कलमाखाली २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मिळते, अर्ज केलात का?

इचलकरंजीकर: आमचा चेक ते कलम येण्याच्या, म्हणजे २०१८ च्या, आधीचा आहे. ते कलम मागच्या गुन्ह्यांना लागत नाही, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. वकील म्हणवता ना?

काळा कोट: तारीख आधी सांगायची होती. त्या प्रकरणात नाही लागणार, ठीक. पण जाणत्यांच्या निकालाची वसुली कोण करणार, ते अजून सांगितलं नाहीत.

पेढीवाले: बाजार करतो. पत गेलेल्याला उधारीवर सुताची एक गाठ मिळत नाही.

दर्यावर्दी: रिवाज आधी, न्यायाधीश नंतर, एवढं मान्य करतो, नाइलाजाने. पण पत गेली तरी तो दुसऱ्या गावात नव्या नावाने दुकान मांडतो. तिथे बाजार काय करतो, ते ‘मुक्तबाजार’ यांनी सांगावं.