घरातल्या वयस्कर माणसांना फसवलं, छळलं, एकटं टाकलं... तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करते. माझी आत्या पुण्यात एकटी राहते, वय ७८. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले तर सारखी पदराने हात झाकत होती. चहा देताना बघितलं, मनगटावर नुसती गोरी पट्टी! चाळीस वर्षं पाटल्या होत्या तिथे. खूप विचारल्यावर रडायला लागली. भाजी घेऊन येताना बाईकवरच्या दोघांनी अडवलं, आम्ही पोलीस आहोत, पुढे चोरी झालीये आजी, दागिने काढून रुमालात बांधा, आणि त्यांनीच गाठ मारून दिली. घरी येऊन रुमाल सोडला तर आत खडे. चार दिवस कुणाला बोलली नाही, का तर "तुम्ही मलाच मूर्ख म्हणाल". पाटल्या गेल्या त्याचं नाही, हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

---

आमचे बाबा, नाशिक. व्हिडिओ कॉल आला, खाकी कपड्यातला माणूस, तुमच्या आधारवर सिम घेऊन मनी लाँड्रिंग झालंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलीय. दोन दिवस कॅमेरा चालू! बाथरूमला जायला पण बाबा परवानगी मागत होते आणि आई शेजारच्या खोलीत, तिला काही सांगायचं नाही म्हणून धमकी. एफडी मोडायला बँकेत गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने त्यांचे थरथरणारे हात बघून दार लावून घेतलं आणि मला फोन केला. त्या पोरीचे उपकार कधी फिटणार नाहीत. आधी पाठवलेल्या पैशांसाठी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार केली म्हणून थोडे तरी अडवता आले, उशीर झाला असता तर तेही गेले असते. डिजिटल अरेस्ट असं काही आपल्या कायद्यात नाहीच, हे घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला आजच सांगा, प्लीज.

---

सातारा जिल्हा. मावशीने घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं आणि सहा महिन्यांत तिची कॉट पडवीत आली. जेवण ताटात वाढून दाराबाहेर सरकवायचे, मी डोळ्यांनी बघितलंय. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांत ऑफिसला अर्ज करता येतो, वकील लागत नाही, दरमहा १०,००० पर्यंत पोटगी मिळू शकते. आणि कलम २३ खाली बक्षीसपत्र सुद्धा रद्द होतं, पण सांभाळायच्या अटीवर दिलंय हे कागदात लिहिलेलं असलं तर खूप सोपं जातं. मावशीच्या कागदात ती ओळ नव्हती. "पोटच्या पोराला काय अटी घालायच्या" म्हणाली होती. केस चालू आहे, सध्या ती माझ्याकडे आहे. कागद करणार असाल तर ती ओळ घालाच.

---

मी न्यू जर्सीत, आई डोंबिवलीत. २४ तासांची बाई ठेवली होती. रोज कॉलवर आई दिसायची, केस विंचरलेले, पावडर लावलेली, मला बरं वाटायचं. शेजारच्या काकूंनी एकदा पाठीचा फोटो पाठवला. बेडसोअर्स, म्हणजे एकाच जागी पडून राहून झालेल्या जखमा, दोन ठिकाणी. फोन कायम ती बाईच धरायची हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं हो. आता काकू आठवड्यातून दोनदा न सांगता डोकावतात.

---

मी स्वतः ७४ ची आहे, नातवाने मराठी टायपिंग शिकवलं. मदतीसाठी १४५६७ हा फुकट नंबर आहे, तो मी फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. आमचा ज्येष्ठांचा कट्टा रोज पाचला भरतो आणि आमचं ठरलेलं आहे, कुणी दोन दिवस दिसलं नाही की घरी जायचं. परवा एका भाऊजींकडे अशीच गेले, बेल वाजवली, उत्तर नाही, आतून बारीक आवाज येत होता. वॉचमनने मागच्या खिडकीतून चढून दार उघडलं. न्हाणीघरात पडले होते, सकाळपासून. मुलगा त्याच शहरात आहे. आता त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते आणि माझी त्यांच्याकडे.