वाट बघण्यापेक्षा तवा तापवा
'माल चांगला असेल तर गिऱ्हाईक आपोआप येतं' हे मत मला पटत नाही. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादला घरी निरमा पावडर बनवली आणि नोकरी सांभाळून सायकलवरून दारोदार विकली, ३ रुपये किलोनं. कुणी विचारत येईल म्हणून थांबले नाहीत.

आमची थालीपिठाची भाजणी दीड महिना वाण्याच्या फळीवर धूळ खात होती. शेवटी एका रविवारी बायको आणि मी शेगडी, तवा घेऊन सोसायटीच्या गेटपाशी उभे राहिलो. खमंग वासानं लोक थांबले. गरम तुकडा, वर लोण्याचा गोळा. दोन तासांत ११ पाकिटं गेली! त्याहून मोलाचं म्हणजे एका आजींनी सांगितलं, "धणे कमी पडलेत रे." दुकानातून हे कधीच कळलं नसतं. पुढच्या दळणाला धणे वाढवले.