स्किल: आधी लिस्प नको, आधी लॉग फिल्टर

व्हर्चुओसो या कॅडन्सच्या चिप डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये कामं आपोआप करून घ्यायची भाषा म्हणजे स्किल. ‘आधी लिस्प (एक जुनी प्रोग्रामिंग भाषा) पक्कं करा, मगच व्हर्चुओसोमध्ये स्किलला हात लावा’ असं या चर्चेत आधी कोणी म्हटलंय, ते मला पटत नाही. स्किल लिस्पच्या घराण्यातलं आहे हे खरं, पण सी-सारखी लिहिण्याची पद्धतही त्यात चालते. (फक्त फंक्शनचं नाव आणि कंस यांत जागा सोडू नका, नवीन माणूस तिथे हमखास अडकतो.) खरी अडचण भाषेची नसतेच. हजारो फंक्शनांतून आपल्याला हवं ते कोणतं, हे कळत नाही.

त्यावरचा उपाय इथे कोणीच सांगितला नाही म्हणून लिहितोय. सीआयडब्ल्यू म्हणजे व्हर्चुओसोची कमांड टाकायची मुख्य खिडकी; तिच्या ऑप्शन्समध्ये लॉग फिल्टर आहे. तिथे मेनू कमांड दिसतील अशी खूण करा. मग लेआउटमध्ये (चिपचे आकार काढायच्या खिडकीत) मेनूतून काहीही केलं की त्यामागचं फंक्शन सीआयडब्ल्यूमध्ये उमटतं. ते जसंच्या तसं स्क्रिप्टमध्ये मात्र चिकटवू नका, त्यात फॉर्म भरण्याचाच भाग बराच असतो. प्रत्यक्ष कामाला ‘डीबी’ने (db) सुरू होणारी फंक्शनं घ्या. उदाहरणार्थ, डीबीक्रिएटरेक्टला (dbCreateRect) सेलव्ह्यू (ज्या डिझाइनमध्ये काढायचं ते), लेयर-पर्पज (कोणता थर आणि कशासाठी) आणि समोरासमोरचे दोन कोपरे दिले की आयत तयार.

आणि एखादा आयत निवडून सीआयडब्ल्यूमध्ये car(geGetSelSet())~>?? टाकून बघाच. त्या आयताचा लेयर, बीबॉक्स (कोपऱ्यांचे निर्देशांक), नेट (तो कोणत्या विद्युत जोडणीचा) सगळं समोर येतं. मॅन्युअलची शंभर पानं वाचून जे उमगत नाही ते इथे डोळ्यांनी दिसतं.