राखेच्या विटा, राडारोड्याचा भराव, प्लास्टिकचे पेव्हर : विहिरीजवळ वापरावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घराचं बांधकाम काढलंय. भिंतींना फ्लाय अ‍ॅशच्या (वीज केंद्रात कोळसा जाळून उरलेल्या राखेच्या) विटा, अंगणात टाकाऊ प्लास्टिक आणि वाळूचे पेव्हर ब्लॉक, त्याखाली दळलेल्या राडारोड्याचा भराव, असं ठरत आलंय. कचरा सत्कारणी लागावा असं मनापासून वाटतं. पण अंगणातच विहीर आहे आणि तिचंच पाणी आम्ही पितो, म्हणून घोडं अडलंय.

विटांची फारशी धास्ती नाही. त्या भाजाव्या लागत नाहीत, वरच्या थराची माती वाचते, आणि राखेतले जड धातू सिमेंट-चुन्यात बऱ्यापैकी अडकून राहतात. मात्र पुरवठादाराने दाखवलेला अहवाल विटेचा चुरा अ‍ॅसेटिक आम्लात ढवळून केलेल्या चाचणीचा आहे. ती चाचणी कचरा डेपोतली परिस्थिती धरून बेतलेली असते. भिंतीला लागणार पावसाचं पाणी, आणि राखेतले आर्सेनिक-सेलेनियम तर सिमेंट-चुन्यामुळे अल्कली झालेल्या पाण्यातही सुटू शकतात. अखंड ठोकळा ६४ दिवस पाण्यात ठेवून, मधूनमधून पाणी बदलून तपासायचीही पद्धत आहे. मग तोच अहवाल मागावा ना?

राडारोड्याचं कोडं मोठं आहे. काँक्रीट दळलं की आतला चुना उघडा पडतो आणि झिरपणाऱ्या पाण्याचा सामू (pH) सुरुवातीला ११-१२ पर्यंत जातो, म्हणजे पाणी खूपच अल्कली होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला गेला की तो हळूहळू उतरतो. म्हणजे माल आधी उघड्यावर मुरू द्यावा का, आणि किती काळ? शिवाय जुन्या इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे, शिशाचा रंग, जिप्सम असू शकतं. माल दळण्याआधी निवडला होता की नाही, हे ढिगाकडे बघून कळत नाही. (तो लांबून आणावा लागला तर डिझेलचा हिशेब वेगळाच.)

पेव्हर मात्र मला नकोच वाटतात. नमुन्याची कड खडबडीत दगडावर घासली तर बोटांना निळसर भुकटी लागली. गाडीच्या चाकांखाली आणि उन्हात हेच होणार आणि पहिल्या पावसात ती भुकटी विहिरीकडे जाणार. पुढे ब्लॉक फुटला की त्यातलं प्लास्टिक आणि वाळू वेगळी करणंही जवळपास अशक्य. घरच्यांना वाटतं, मी उगाच घाबरतेय.

बांधकाम साहित्याच्या किंवा पाण्याच्या तपासणीत काम केलेल्यांनी कृपया सांगा: राडारोड्यासाठी नेमके कोणते अहवाल मागू? विहिरीपासून किती अंतर सोडू? आणि काम सुरू होण्याआधी विहिरीच्या पाण्यात काय काय तपासून ठेवू, म्हणजे नंतर तुलना करता येईल?